ओतणाऱ्यांचा इतिहास

मोहेंजोदारोच्या उत्खननात १९२६ साली सापडलेली नर्तिकेची ब्राँझमूर्ती जेमतेम साडेदहा सेंटिमीटर उंचीची आहे. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी कुणीतरी ती मेणात घडवली, वर मातीचा लेप दिला, मेण वितळवून काढले आणि त्या पोकळीत धातूचा रस ओतला. आपले विद्वान नर्तिकेविषयी भरभरून लिहितात. ओतणाऱ्याच्या वाट्याला फारशा ओळी येत नाहीत.

बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात हीच रीत शब्दबद्ध झाली. लेप कसे द्यावेत, मेणाच्या किती पट धातू घ्यावा, हे सारे त्यात आहे. हे ज्ञान सिंहासनावर बसून मिळत नाही. ते भट्टीपुढे भाजलेल्या हातांचे ज्ञान आहे. ग्रंथावर नाव मात्र राजाचे! ओतारी ही जात ठरली. ओतकाम ही विद्या ठरली नाही. श्रम आणि विद्या यांची फारकत म्हणतात ती हीच.

आजची ओतशाळा पाहा. शिल्पकार मातीचा पुतळा घडवतो. त्यावरून साचा निघतो, साच्यात मेणाचा पातळ थर बसतो, रस जायला आणि हवा निघायला वाटा ठेवल्या जातात. भट्टीत मेण गळून जाते. मग हजार अंशांहून अधिक तापलेला रस एका दमात ओतावा लागतो; धार तुटली की काम वाया. पुढे तुकडे जोडणारा, कानस चालवणारा, रंग चढवणारा. इतक्या हातांनंतर पुतळा उभा राहतो.

संसदेच्या आवारातील बाबासाहेबांच्या ब्राँझच्या पुतळ्याचे अनावरण २ एप्रिल १९६७ रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन यांनी केले. २०२४ साली तो त्याच परिसरातील प्रेरणास्थळी हलवला गेला. राष्ट्रपतींचे नाव आपल्याला ठाऊक आहे. अभ्यासकांना शिल्पकार बी. व्ही. वाघ यांचेही. पण रस ओतणारे कोण, हा प्रश्न आपणही कधी विचारला नाही.

गावोगावी आपली माणसे पोटाला चिमटा घेऊन वर्गणी काढतात आणि पुतळा उभारतात. तेव्हा फलकावर पाहुण्यांच्या नावांखाली दोन ओळी ओतशाळेतील कामगारांसाठी राखून ठेवाव्यात, असे मला वाटते. बाबासाहेबांनी विभूतिपूजेविरुद्ध आपल्याला बजावले होते. घडवणारे हात लोकांना दिसले, तर पुतळ्याचा देव होणार नाही.