अपलोड वेगमापन

अपलोड वेगमापन : ग्राहकाच्या संगणकाकडून इंटरनेटवर दर सेकंदाला किती बिट माहिती प्रत्यक्ष पोहोचते, हे ठरविण्याची पद्धती. ज्ञात आकाराची माहिती पाठवावयाची, तिला लागलेला काळ मोजावयाचा व भागाकार करावयाचा, हे तिचे तत्त्व साधे आहे. तथापि ही मोजणी कोणत्या टोकाला करावयाची, या प्रश्नाभोवती तिचा इतिहास घडला आहे.

ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा व कॅलिफोर्निया विद्यापीठाचे बर्कली केंद्र यांमधील जोडणीचा वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर घसरला. ही स्थळे परस्परांपासून सु. ४०० यार्डांवरच होती. या कोंडीची मीमांसा करून व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये अशी रीत मांडली, की प्रेषक संगणकाने अल्प गतीने आरंभ करावा, ती वाढवीत न्यावी आणि माहिती हरवताच कमी करावी. परिणामी पहिल्या क्षणांतील मोजमाप खऱ्या वेगापेक्षा कमी भरते व चाचणी काही सेकंद चालवावी लागते.

ग्राहक मुख्यतः माहिती घेणार, या गृहीतावर पुढील जोडण्या आखल्या गेल्या. १९९८ च्या व्ही. ९० मोडेममध्ये डाउनलोडची मर्यादा सेकंदाला ५६ किलोबिट, तर अपलोडची ३३·६ किलोबिट होती.

ब्राउझरमधून चाचणी घेण्याची सोय ‘स्पीडटेस्ट’ या संकेतस्थळाने २००६ पासून लोकप्रिय केली. २००९ मध्ये ‘मेझरमेंट लॅब’ हा खुल्या माहितीचा उपक्रम सुरू झाला. यात एक अडचण होती. ब्राउझर ‘पाठविले’ म्हणून जे आकडे देतो, त्यांत संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत साचलेली, अद्याप तारेवर न गेलेली माहितीही धरली जाऊ शकते. लहान फाइल वापरल्यास त्यामुळे वेग अवास्तव दिसतो. म्हणून माहिती घेणाऱ्या सर्व्हरनेच पोहोचलेले बाइट मोजून ब्राउझरला कळविणे अधिक विश्वसनीय ठरते. २०११ मध्ये प्रमाणित झालेल्या वेबसॉकेट पद्धतीमुळे हे एकाच जोडणीवरून साधता येऊ लागले. वाटेत माहितीचे संकोचन होऊन आकडा फुगू नये, यासाठी यादृच्छिक बाइट पाठवितात.

मापन सुलभ झाले, तरी धोरणात अपलोडला सर्वत्र स्थान मिळालेले नाही. अमेरिकेच्या संघीय दूरसंचार आयोगाने २०२४ मध्ये ब्रॉडबँडसाठी डाउनलोड १०० व अपलोड २० मेगाबिट, असे दोन्ही निकष ठरविले. भारतात २००४ मध्ये २५६ किलोबिट, २०१३ मध्ये ५१२ किलोबिट व २०२३ मध्ये २ मेगाबिट अशी किमान मर्यादा वाढत गेली. ती मात्र डाउनलोडपुरतीच आहे. घरून शिकविणारा शिक्षक वा चित्रफीत पाठविणारा वार्ताहर यांची गरज त्या व्याख्येत मोजली जात नाही.