बहुरूपी वाद्य आणि दहा राग

श्रोतेहो, पेटीचा आणि आपल्या रागसंगीताचा जुना तंटा आपणांस ठाऊक आहेच. पेटीची प्रत्येक पट्टी म्हणजे एक कोंडलेला स्वर. एका स्वरावरून दुसऱ्यावर ओघळत जाणारी मींड तिला साधत नाहीं. याच आक्षेपावरून १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें तिला दार बंद केलें. असें असतां, पुढें मुंबईच्याच एका वादकानें पट्ट्यांच्या नव्या, विजेच्या वाद्यावर दहा राग वाजविले, ही हकीकत ऐकण्याजोगी आहे.

त्यांचें नांव चरणजित सिंग. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजविणें हा त्यांचा व्यवसाय. सिंगापुरास गेले असतां त्यांनीं रोलँड या जपानी कंपनीचीं वाद्यें विकत घेतलीं. पैकीं ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर १९८१ सालीं निघाला होता. त्यास पट्ट्या ६१, आणि एका वेळीं स्वर ८. यांत तार नाहीं, भाता नाहीं. विजेच्या मंडलांत कंपन उत्पन्न होतें, तो कच्चा स्वर. गाळणीनें त्यांतील तीक्ष्ण अंश कमीअधिक करावयाचा. स्वर चटकन उठावा कीं सावकाश, लगेच विरावा कीं रेंगाळावा, हें खुंट्या सरकवून ठरवावयाचें. त्यामुळें एकच वाद्य घटकेंत सुषिर भासतें, घटकेंत घंटेसारखें निनादतें, खरें बहुरूपीच!

दुसरें वाद्य टीबी-३०३. हें लहानसें खोकें गिटारवाल्यांना घरच्या घरीं खर्जाची साथ मिळावी म्हणून काढलेलें. त्यांत एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. पेटीला जें साधत नव्हतें, त्याचा आभास येथें होता!

तेव्हां चित्रपटांत डिस्कोची लाट होती. १९८२ सालीं सिंग यांनीं तबल्याच्या जागीं टीआर-८०८ या तालयंत्राचा ठेका धरला आणि त्यावर ललत, भूप, तोडी, यमन, मालकंस असे राग मांडले. श्रुतींचें सूक्ष्म अंतर या पट्ट्यांतून निघत नाहीं, हें मान्य केलें पाहिजे. तरी रागाची चाल त्यांत ओळखूं येते.

ध्वनिमुद्रिका फारशी खपली नाहीं. रोलँडनेंही १९८४ सालीं टीबी-३०३ काढणें थांबविलें. मग १९८७ सालीं शिकागोच्या तरुणांनीं त्याच टाकून दिलेल्या खोक्याच्या खुंट्या पिळून एक नवें नृत्यसंगीत निर्माण केलें. २०१० सालीं सिंग यांची मुद्रिका पुन्हां निघाली, तेव्हां युरोपांतील रसिक चकित झाले. तोच नाद मुंबईंत पांच वर्षें आधीं उमटला होता. त्यानंतर सत्तरी ओलांडलेल्या सिंग यांना परदेशांतून मैफलींचीं बोलावणीं आलीं. २०१५ सालीं ते निवर्तले.

त्यांनीं आणलेलीं तींच वाद्यें त्या काळीं पैसे मोजणाऱ्या कोणालाही मिळत होतीं. मात्र त्यांतून मींड निघते काय, हें पाहण्याची इच्छा दुकानांत मिळत नव्हती. ती त्यांच्या कानांत आधींच होती.