एका दिवसाचा समुद्र : लंडनच्या कामगाराने किनारा कसा निवडला?

१/२०
पहाटे निघावे, समुद्र पाहावा, लाटांत पाय बुडवावेत आणि रात्री पुन्हा आपल्या अंथरुणावर येऊन पडावे. आज ही इच्छा अगदी साधी वाटते. दोनशे वर्षांपूर्वीच्या लंडनमधील मजुराला मात्र ती परवडणारी नव्हती. पुढे तो समुद्रावर पोहोचला, पण कोणत्या किनाऱ्यावर जायचे हे त्याने वाळू किंवा पाणी पाहून ठरवले नव्हते. मग ते कशावरून ठरले?

२/२०
प्रथम नकाशा ध्यानात घेऊ. लंडन समुद्रकाठी वसलेले नाही. दक्षिणेला सुमारे पन्नास मैलांवर ब्रायटन आहे. पूर्वेकडे केंट परगण्याच्या टोकाशी, सत्तरएक मैलांवर मार्गेट आहे. थेम्स नदी समुद्राला मिळते तिथे, एसेक्स परगण्यात, याहून बरेच जवळ साउथएंड आहे. या तीन गावांचे नशीब लंडनच्या घड्याळाशी बांधले गेले.

३/२०
अठराव्या शतकात समुद्र हे सहलीचे ठिकाण नव्हते. ते औषध होते. डॉ. रिचर्ड रसेल यांनी १७५० साली ग्रंथींच्या विकारांवर समुद्राचे पाणी गुणकारी असल्याचे प्रतिपादन करणारा लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या पाण्यात स्नान करावे आणि ते प्यावेही, असा त्यांचा सल्ला होता. ब्रायटन तेव्हा मासेमारांचे गाव होते. तिथे धनिक रुग्णांची रीघ लागली.

४/२०
१७८३ साली युवराज जॉर्ज प्रथम ब्रायटनला आला आणि गावाला राजाश्रय लाभला. वास्तुविशारद जॉन नॅश याने १८१५ ते १८२२ या काळात युवराजाच्या निवासस्थानावर हिंदुस्थानी धाटणीचे घुमट चढवले. याच गावात पाटण्याचे शेख दीन महंमद यांनी बाष्पस्नानगृह चालवले. ‘शाम्पू’ हा शब्द आपल्या ‘चंपी’शी नाते सांगतो. इंग्लंडमध्ये ते मर्दन लोकप्रिय करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. ही सारी मंडळी येत ती मात्र एका दिवसासाठी नव्हे, आठवडेच्या आठवडे राहण्यासाठी.

५/२०
गरिबाला समुद्र मिळाला तोही आधी रुग्ण म्हणूनच. लंडनमधील क्षयग्रंथींनी पीडित गरिबांसाठी मार्गेट येथे समुद्रस्नानाचे रुग्णालय उभारण्याचा संकल्प १७९१ साली झाला. डॉ. जॉन कोकली लेटसम हे त्यामागचे प्रमुख नाव होय. म्हणजे गरिबाने समुद्रावर यायचे असेल तर आधी आजारी पडले पाहिजे! निव्वळ आनंदासाठी येण्याचा अधिकार अजून दूर होता.

६/२०
मार्गेटच का? कारण तिथे जलमार्ग होता. केंटचे धान्य लंडनला पोहोचवणारी शिडाची गलबते परतीच्या फेरीत उतारू घेत. भाडे घोडागाडीपेक्षा कमी असे. पण वारा पडला की गलबत खोळंबे. वाऱ्याच्या मर्जीवर चालणाऱ्या प्रवासात ‘आज जाऊन आजच परत’ हा विचारच संभवत नव्हता.

७/२०
१८१५ पासून या मार्गावर आगबोटी धावू लागल्या आणि वाऱ्याची सत्ता संपली. तरी दिवसाचा मोठा भाग प्रवासातच जाई. मध्यमवर्गीय कुटुंबांनी तोडगा काढला. बायकामुले मार्गेटला मुक्काम करीत, कर्ते पुरुष शनिवारी आगबोटीने त्यांना भेटायला जात. त्या बोटीला लोक ‘नवऱ्यांची बोट’ म्हणू लागले. मजुराला मात्र ना मुक्काम परवडत होता, ना शनिवार मोकळा होता.

८/२०
किनाऱ्यावर पोहोचल्यानंतर आणखी एक प्रश्न होता : किनारा कोणाचा? १८२१ साली ‘ब्लंडेल विरुद्ध कॅटरॉल’ हा खटला उभा राहिला. लिव्हरपूलजवळच्या ग्रेट क्रॉस्बी येथे समुद्रस्नानासाठी चाकांच्या खोल्या वाळूवरून पाण्यापर्यंत नेल्या जात होत्या. जमीनदाराने हरकत घेतली. भरती-ओहोटीच्या रेषांमधली ती जमीन आपल्या मालकीची आहे, असे त्याचे म्हणणे होते.

९/२०
न्यायालयाने बहुमताने जमीनदाराच्या बाजूने निर्णय दिला : समुद्रस्नानासाठी किनारा ओलांडण्याचा सर्वसाधारण हक्क जनतेला रूढ कायद्यानुसार नाही. न्यायमूर्ती बेस्ट यांनी एकट्याने भिन्न मत नोंदवले आणि जनतेच्या हक्काची बाजू उचलून धरली. निकाल बदलला नाही. समुद्रावर जाणे हा हक्क आहे की कुणाची मेहेरबानी, हा वाद मात्र त्या दिवसापासून कागदावर राहिला.

१०/२०
१८४१ च्या सप्टेंबरमध्ये लंडन ते ब्रायटन लोहमार्ग पुरा झाला. घोडागाडीला पाच-सहा तास लागत, आगगाडीला सुमारे दोन तास लागू लागले. इतिहासात प्रथमच लंडनचा माणूस सकाळी निघून, दुपार समुद्रावर घालवून, रात्री घरी परतू शकत होता. अंतर तेवढेच राहिले, दिवस मात्र मोठा झाला. एका दिवसाच्या सहलीचा खरा जन्म इथे झाला.

११/२०
आता हिशेब पाहा. १८४४ च्या रेल्वे कायद्याने कंपन्यांना एक बंधन घातले : दररोज दोन्ही दिशांनी किमान एक गाडी अशी हवी की जिच्या तिसऱ्या वर्गाला छप्पर असेल आणि भाडे मैलाला एक पेनीहून अधिक नसेल. ब्रायटन पन्नास मैल, म्हणजे पन्नास पेन्स. बारा पेन्सचा एक शिलिंग. तेव्हा चार शिलिंगांहून अधिक, आणि तेही केवळ जाण्याचे. साध्या मजुराचा दिवसाचा रोज याहून कमी होता. कायद्याने गरिबाला छप्पर दिले; समुद्र दिला नाही.

१२/२०
समुद्र दिला तो सहलगाड्यांनी. कंपन्यांच्या ध्यानात आले की इंजिन आणि डबे सुट्टीच्या दिवशी रिकामे उभे ठेवण्यापेक्षा स्वस्त दरात भरून न्यावेत. जाण्या-येण्याचे एकच तिकीट, ठरलेली वेळ, गच्च भरलेले डबे. १८४४ च्या ईस्टरमध्येच अनेक इंजिने जोडलेली लांबलचक गाडी लंडनहून ब्रायटनला गेली. ज्या किनाऱ्यासाठी सहलगाडी सुटे, तोच त्या दिवशीचा ‘आवडता’ किनारा ठरे.

१३/२०
पण मोकळा दिवस कोणता? बहुतेक श्रमिकांना एकच, रविवार. तो तर प्रार्थनेचा दिवस. रविवारच्या सहलगाड्यांमुळे धर्म बुडतो, असा आक्षेप सनातनी मंडळी जोराने घेत. श्रमिकांची बाजू सरळ होती : सहा दिवस धुरात काढणाऱ्याने स्वच्छ हवा कोणत्या वारी घ्यावी? ज्याला आठवडाभर फुरसत आहे, त्याने रविवारचे पावित्र्य इतरांना शिकवावे, हा त्यातला विरोधाभास होता.

१४/२०
२५ ऑगस्ट १८६१, रविवार. सकाळी ब्रायटनकडून लंडनच्या दिशेने तीन गाड्या थोड्या थोड्या मिनिटांच्या अंतराने निघाल्या; पहिल्या दोन सहलगाड्या होत्या. सहली आता दोन्ही दिशांनी चालत. वाटेत दोन किलोमीटरहून थोडा अधिक लांबीचा क्लेटन बोगदा होता. पहिल्या गाडीमागे सिग्नल आपोआप बंद व्हायचा, तो झाला नाही. सिग्नलवाल्याने दुसऱ्या गाडीला लाल निशाण दाखवले. ती बोगद्यात थांबून मागे येऊ लागली. तारेच्या संदेशात गैरसमज झाला आणि तिसऱ्या गाडीला पुढे जाण्याची खूण मिळाली.

१५/२०
२३ माणसे मेली, १७६ जखमी झाली. चौकशीत एक गोष्ट पुढे आली, तीच या साऱ्या इतिहासाचे मर्म सांगते. तो सिग्नलवाला सलग चोवीस तासांच्या पाळीवर होता. नियमाप्रमाणे पाळी अठरा तासांची. पण आठवड्यातून एक पूर्ण दिवस मोकळा मिळावा म्हणून त्याने ती वाढवून घेतली होती. इतरांची सुट्टी ज्याच्या हातात सुखरूप राहायची, तो स्वतः एका सुट्टीसाठी जागत होता.

१६/२०
पुढचा आघात आयर्लंडमध्ये झाला. १२ जून १८८९ रोजी आर्मा शहरातील एका रविवार-शाळेची सहल वॉरनपॉइंट या समुद्रकाठच्या गावी निघाली होती. चढावर गाडी अडली. तिचे दोन भाग केले, तेव्हा मागचे डबे उतारावरून घसरले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. ८० जण दगावले, त्यांत मुलांची संख्या मोठी होती. त्याच वर्षी संसदेने कायदा करून दोन गाड्यांत ठरावीक टापू मोकळा ठेवण्याची पद्धत आणि संपूर्ण गाडीला लागणारे स्वयंचलित ब्रेक सक्तीचे केले. रेल्वेच्या सुरक्षिततेचे हे नियम सहलीला निघालेल्यांच्या मरणातून आले.

१७/२०
आता साउथएंडकडे वळू. १८५६ साली तिथे लोहमार्ग पोहोचला, आणि तो येत होता पूर्व लंडनमधून, गोदी कामगारांच्या वस्तीतून. किनारा तसा देखणा नव्हे. ओहोटीला पाणी सुमारे मैलभर मागे हटते आणि उरतो तो चिखल. बोटी लागाव्यात म्हणून १८३० साली लाकडी धक्का बांधला आणि मग तो लांबवतच नेला. १८८९ साली त्याच्या जागी लोखंडी धक्का आला. आजचा धक्का दोन किलोमीटरहून अधिक लांब असून सहलीसाठी बांधलेल्या धक्क्यांत तो जगात सर्वांत लांब मानला जातो. समुद्र मागे हटला, तर माणसे त्याच्या मागे गेली!
चिखल असूनही पूर्व लंडनने साउथएंडच निवडले. भाडे कमी, स्थानक जवळ, आणि संध्याकाळची गाडी चुकण्याची भीती थोडी. सुंदर किनाऱ्यावर दोन तास की साध्या किनाऱ्यावर सहा तास? ज्याच्याजवळ एकच दिवस आहे, त्याचे उत्तर ठरलेले असते.

१८/२०
१८७१ साली सर जॉन लबक यांच्या प्रयत्नाने बँक हॉलिडेचा कायदा झाला. इंग्लंडमध्ये ईस्टरचा सोमवार, व्हिटसनचा सोमवार, ऑगस्टचा पहिला सोमवार आणि नाताळनंतरचा दिवस या सुट्ट्या ठरल्या. कायदा बँकांपुरता होता, तरी दुकाने आणि कारखानेही हळूहळू बंद राहू लागले. आता रविवारचा वाद न घालता समुद्रावर जाता येई. ऑगस्टच्या त्या सोमवाराला लोकांनी गमतीने ‘संत लबकचा दिवस’ म्हटले. पंचांगात संत नव्हता. तो संसदेतून आला.

१९/२०
सगळ्याच किनाऱ्यांनी दार उघडले असे नाही. फोकस्टन येथील कड्यावरच्या प्रशस्त फेरीमार्गावर जमीनदार अर्लचे खाजगी पोलीस गस्त घालीत आणि ‘नको असलेल्या’ माणसांना दूर ठेवीत. एसेक्समधील फ्रिंटन गावात रेल्वे आली; पण दिवसभरासाठी येणाऱ्यांना रमवील असे काही उभे राहू न देण्याची दक्षता गावाने घेतली. तिथे पहिला पब सुरू व्हायला २००० साल उजाडावे लागले. गर्दी अडवायला भिंतच लागते असे नाही. खाण्यापिण्याची सोय नसली तरी पुरते.

२०/२०
भरपगारी सुट्टीचा कायदा ब्रिटनमध्ये १९३८ साली आला. तोवर असंख्य कुटुंबांच्या वाट्याला आलेला समुद्र वर्षातून एका दिवसाचा होता. ब्रायटन, मार्गेट आणि साउथएंड यांतून केलेली निवड ही आवडीची गोष्ट दिसते. पण तिच्यामागे तिकिटाचा दर, मालकाने दिलेली सुट्टी आणि परतीच्या गाडीची वेळ उभी होती. म्हणून एखाद्या किनाऱ्याचा इतिहास वाचताना तिथली वाळू पाहण्याआधी रेल्वेचे वेळापत्रक पाहावे. तिथे कोण येऊ शकत होते आणि कोण नाही, हे त्यात स्पष्ट लिहिलेले असते.