गिंडीचा निकाल आणि एकवीसचा डाव

आज ब्लॅकजॅक शिकायचा आहे, पण सुरुवात गिंडीच्या घोड्यांपासून करू.

चेन्नईला आमची अधिकारी प्रशिक्षण अकादमी परंगीमलैला. तिथून लोकलने पुढचं स्टेशन गिंडी, आणि गिंडीत मद्रास रेस क्लबचं मैदान. तमिळनाडू सरकारने 1974 मध्ये शर्यतींवरच्या पैजांविरुद्ध कायदा केला, 1986 मध्ये क्लबच ताब्यात घेण्याचा केला. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. 12 जानेवारी 1996 चा निकाल असा, की घोड्याची पैदास, त्याच्यावरचं वजन, जॉकीची तयारी हे सगळं पारखावं लागतं. म्हणून शर्यत हा मुख्यतः कौशल्याचा खेळ, जुगार नव्हे. त्याआधी 1967 मध्ये याच कोर्टाने रमीला कौशल्याचा खेळ म्हटलं होतं, कारण कोणतं पान पडलं हे लक्षात ठेवावं लागतं. तीनपत्ती मात्र नशिबाची.

मग ब्लॅकजॅक कुठे बसतो?

नियम सोपे आहेत. पानांची बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची, ओलांडायची नाही. राजा, राणी, गुलाम दहाचे. एक्का एकचा किंवा अकराचा. डीलरचं एक पान उघडं असतं. त्याला स्वतःची अक्कल चालवायची परवानगी नाही: सोळापर्यंत पान घ्यायचंच, सतराला थांबायचं. कॅसिनोची कमाई एकाच गोष्टीत लपलेली आहे. आधी आपण खेळतो, आणि आपण एकवीस ओलांडलं की पैसे तिथेच गेले. नंतर डीलरही फुटला तरी परत मिळत नाहीत.

समजा, तुमचे सोळा झाले आणि डीलरची सत्ती उघडी आहे. पान घेतलं तर तेरा प्रकारच्या पानांपैकी आठ तुम्हाला फोडतात. थांबलात तर डीलर फुटला तरच जिंकाल, आणि सत्तीवर तो साधारण चारात एकदाच फुटतो. दोन्हीकडे हारच जास्त. पान घेतल्याने ती थोडी कमी. म्हणून घ्यायचं. डीलरची पंजी किंवा छक्की असेल तर मात्र गप्प बसायचं, कारण त्यावर तो शंभरात चाळीसहून अधिक वेळा फुटतो. एक्क्यांची आणि अठ्ठ्यांची जोडी आली तर फोडून दोन डाव करायचे. दश्श्यांची जोडी कधीच फोडायची नाही.

हा हिशेब नीट मांडला तो जुगाऱ्यांनी नव्हे, अमेरिकन सैन्यातल्या चौघांनी. बाल्डविन, कॅन्टी, मायसेल आणि मॅकडर्मट, मेरीलँडमधल्या अ‍ॅबर्डीन तोफखाना चाचणी केंद्रावर नेमणुकीला. मोकळ्या वेळात टेबलावरच्या आकडेमोड यंत्रांवर त्यांनी एकेक डाव तपासला आणि 1956 मध्ये अमेरिकन संख्याशास्त्र संघटनेच्या नियतकालिकात छापला. बराकीतल्या संध्याकाळी पत्त्यांत जातात हे मला ठाऊक आहे. त्यातून शोधनिबंध निघालेला मी तरी दुसरा पाहिला नाही.

त्यांच्या कोष्टकाप्रमाणे तंतोतंत खेळलं तरी कॅसिनो किंचित वरचढच राहतो: नेहमीच्या नियमांत शंभर रुपयांमागे साधारण अर्धा रुपया. कौशल्य म्हणजे नफा, असा आपला समज असतो. इथे कौशल्य फक्त हार लहान करतं. पुढे एडवर्ड थॉर्प या गणितज्ञाने तो निबंध वाचला, निघून गेलेली पानं लक्षात ठेवायची पद्धत बसवली आणि 1962 मध्ये पुस्तक काढलं. तेव्हा कुठे तराजू खेळणाऱ्याकडे झुकला. रमीची 1967 ची कसोटी हीच, स्मरणशक्तीची! कॅसिनोंनी मात्र असं कौशल्य दिसताच पत्त्यांचे जोड वाढवले आणि मोजणाऱ्यांना बाहेर काढलं.

आपल्याकडे हा डाव गोव्याच्या मांडवीतल्या जहाजांवर परवान्याने चालतो. महाराष्ट्राने 1976 मध्येच कॅसिनो कायदा केला होता, तो कधी लागूच झाला नाही आणि 2023 मध्ये रद्द झाला. 2025 च्या केंद्रीय कायद्याने तर पैशाचे ऑनलाइन खेळ सरसकट बंद केले, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे. आणि गिंडी? 2024 मध्ये राज्य सरकारने त्या मैदानाचा भाडेपट्टा रद्द केला. या वेळी वाद घोड्यांचा नव्हता, जमिनीचा आणि भाड्याचा होता.