भाकरीविना भूमी आणि चिमूटभर मीठ

लुई बुन्युएल या स्पॅनिश दिग्दर्शकाचा 'लास उर्देस' हा माहितीपट अर्ध्या तासाचाही नाही, पण पाहिल्यावर जेवण गोड लागत नाही. १९३३ साली चित्रित झालेला हा चित्रपट 'भाकरीविना भूमी' या अर्थाच्या नावानेही ओळखला जातो. आपल्या मंडळातील पालकांनी तो पाहावा असे आम्हांस वाटते. कारण पुढे येईलच.

लास उर्देस हा पश्चिम स्पेनमधील एक्स्त्रेमादुराच्या उत्तरेचा डोंगराळ भाग. कॅमेरा प्रथम शेजारच्या ला अल्बेर्का गावात थांबतो. तेथे नवविवाहित पुरुष घोड्यावरून येऊन दोरीला उलट्या टांगलेल्या कोंबड्याची मुंडी उपटतात. मग डोंगरापलीकडे एक तान्हे मूल दगावते. गावाला दफनभूमी नाही, म्हणून त्याचे कलेवर काठवटीसारख्या लाकडी पात्रात ठेवून नदीपार तरंगत नेतात. शेवटी अंधाऱ्या गल्लीतून एक म्हातारी घंटा वाजवीत, मृतांच्या आत्म्यांसाठी प्रार्थना करा, असे सांगत जाते.

यात खरे किती? निवेदक म्हणतो, बकरी कड्यावरून पडून मेली तरच येथे तिचे मांस खातात. बकरी पडते खरी, पण पडद्याच्या कडेला बंदुकीचा धूरही दिसतो! म्हणजे 'अपघात' घडवून आणलेला.

म्हणून सारेच खोटे काय? नाही. तेथील दारिद्र्य आणि आजार खरे होते. ग्रेगोरिओ मारान्योन हे नामांकित डॉक्टर १९२२ मध्ये तेथे जाऊन आले होते. गलगंड आणि जन्मतः खुंटलेली वाढ त्यांनी पाहिली होती. चित्रपटातील निवेदक मात्र या खुंटलेल्या माणसांचे खापर भूक, अस्वच्छता आणि जवळच्या नात्यातील संबंधांवर फोडतो. आम्ही पडलो रसायनशास्त्रवाले, आम्हांला यात आयोडीनचा उल्लेख हवा होता. डोंगराळ मातीतून आयोडीन पावसाने वाहून जाते. मोठ्या माणसाला ते दिवसाला १५० मायक्रोग्रॅम, म्हणजे सुईच्या टोकाएवढे, पुरते. पण गरोदर आईला तेवढेही मिळाले नाही तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. त्याच १९२२ साली स्वित्झर्लंडच्या एका परगण्यात आयोडीनयुक्त मीठ विकायला सुरुवात झाली होती. उपाय ठाऊक होता. तो या डोंगरात पोचला नव्हता, एवढेच.

आता पुन्हा ती काठवट आठवा. मुलाला नदीतून नेणे हा गूढ विधी नव्हे, जवळ दफनभूमी नसल्याची अडचण आहे. म्हातारीची घंटा ही मात्र खरी प्रथा. चित्रपट दोन्ही एकाच सुरात दाखवतो, आणि पाहणाऱ्याला वाटते की या लोकांना मरणाचीच आवड आहे.

पुढची हकीकत अधिक विचित्र. मारान्योन यांनी तक्रार केली की, ला अल्बेर्काचे सुंदर नाच का नाही दाखवलेत? स्पेनच्या प्रजासत्ताक सरकारने चित्रपटावर बंदी घातली. नाच दाखवून गलगंड बरा होत नाही, हे डॉक्टरांना कोणी सांगावे! चित्रपटाला पैसा पुरवणारे रामोन आसिन हे हुएस्का येथील शिक्षक व शिल्पकार. त्यांनी लॉटरीत मिळालेली रक्कम यात घातली. ऑगस्ट १९३६ मध्ये फ्रँकोच्या पक्षाने त्यांना गोळ्या घातल्या. ते या भागाचे शत्रू खासच नव्हते.

हे सारे आपल्या परिचयाचे आहे. लुई माल यांचे भारतावरील माहितीपट बीबीसीने दाखवले तेव्हा, १९७० मध्ये, भारत सरकारने बीबीसीचे दिल्लीतील कार्यालय बंद केले. आपल्यापैकी जुन्या मंडळींना तो काळ आठवत असेल. आजही शाळेत गंगेचे घाट आणि जळत्या चिता दाखवल्या की मुले घरी येऊन विचारतात, "बाबा, आपण असे आहोत का?"

अशा वेळी "ते सगळे खोटे आहे" असे म्हणून टीव्ही बंद करू नये, असे आमचे मत आहे. मुलांसोबत बसावे आणि विचारावे: यात श्रद्धा कोणती, गरिबी कोणती आणि धूर कोणत्या बंदुकीचा? तिन्ही वेगळे करता आले, तर मूल आजीच्या तेराव्यालाही लाजणार नाही, आणि गावातल्या रोगट पाण्याला 'आपली संस्कृती' म्हणून पाठीशीही घालणार नाही.