दाब... धर... सोड

२०२२ ची गोष्ट. गाडीच्या नोंदणीचं दर पाच वर्षांनी करावं लागणारं नूतनीकरण आलं होतं. आरटीओच्या बाहेर टेबल टाकून बसणाऱ्या एजंटने कागदांवरून नजर फिरवली, चष्मा वर केला आणि म्हणाला, "साहेब, १९७२ ची आहे. पन्नास वर्षं झाली हिला. विंटेजमध्येच टाकून द्या ना! मस्त 'व्हीए'वाली नंबरप्लेट मिळते."

मला आधी गंमत वाटली. ज्या गाडीतून मी शाळेत गेलो, जिच्या मागच्या सीटवर ओकलो, जिला गल्लीतून निदान शंभर वेळा ढकललं, ती गाडी आता 'विंटेज'! मग वाटलं, बघू तरी. २०२१ साली केंद्र सरकारने याचे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली आणि मूळ रूपात फार ढवळाढवळ न झालेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. शुल्क २० हजार रुपये आणि नोंदणी दहा वर्षांची. मेख पुढे आहे. अशी गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, दुरुस्तीला किंवा पेट्रोल भरायला न्यायची. भाजी आणायला न्यायची नाही.

मी एजंटला म्हटलं, विचार करून सांगतो. तो विचार अजून चालू आहे. हे लिखाण त्यातूनच आलं.

आमची गाडी फियाट ११०० डिलाइट. बाबांनी ती १९८१ साली सेकंडहँड घेतली. नवीन घ्यायची तर नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं, हे तेव्हा सगळ्यांनाच ठाऊक होतं. लग्न ठरवताना मुलाने 'फियाट बुक केलीय' एवढं सांगितलं तरी वजन पडायचं म्हणे. लालबहादूर शास्त्रींनी पंतप्रधान असताना घेतलेली फियाट सुमारे १२ हजारांची होती आणि त्यातले ५ हजार त्यांनी बँकेकडून कर्जाऊ घेतले होते. पंतप्रधानांची ही गत, तर बाबांसारख्या नोकरदाराची काय असेल ते बघा.

या गाडीचं मूळ घर इटलीत, तुरीनला. १९३७ साली दान्ते जाकोसा या इंजिनिअरने फियाटसाठी जी ११०० बनवली तिचं इंजिन १०८९ सीसीचं. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. १९५३ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात नव्या बांधणीची ११०० आली, वेगळी चासी नसलेली, पण इंजिनाची मापं तीच. आपल्याकडे वालचंद हिराचंद या सोलापूरच्या जिद्दी माणसाने १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली होती. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लरच्या डॉज, प्लिमथ अशा गाड्या जुळवल्या जायच्या. मग फियाटशी करार झाला आणि १९५० च्या दशकात कुर्ल्यातून ११०० बाहेर पडू लागली. 'डुक्कर फियाट' म्हणतात ती याच पिढीतली. १९६० च्या दशकात डिलाइट आली. फियाटशी करार संपल्यावर नाव आधी प्रीमियर प्रेसिडेंट झालं आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी. नावं बदलत गेली, गाडी तीच. अगदी २००० सालच्या आसपास उत्पादन थांबेपर्यंत.

म्हणजे बघा, १९३७ च्या मापाचं इंजिन आपण विसावं शतक संपेपर्यंत नवीन म्हणून विकत घेत होतो. खुद्द इटलीत ११०० चा वंश १९६९ ला संपला आणि पुढच्या चाकांना जोर देणारी फियाट १२८ आली. तीही जाकोसांच्याच हाताखाली घडलेली. ते पुढे गेले, आपण थांबलो. कारण उघड आहे. १९५३ नंतर सरकारी धोरणामुळे फक्त जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्या निघून गेल्या, मुंबईत शिवडीला कारखाना असलेली जनरल मोटर्ससुद्धा. उरल्या अँबॅसडर, फियाट आणि स्टँडर्ड. परवान्याशिवाय जास्त गाड्या बनवता येत नव्हत्या आणि गिऱ्हाईक तर दारात रांग लावून उभं. मग सुधारणा करायची कोणासाठी? डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली तेव्हा कुठे लोकांना कळलं की गाडी सकाळी पहिल्याच फटक्यात चालू होऊ शकते!

आमची होत नसे. रविवारची सकाळ म्हणजे गाडी, हे समीकरण होतं. बाबा जुना बनियन घालून बॉनेट उघडायचे आणि मी पाने देणारा असिस्टंट. दहा-अकराचा पाना, बारा-तेराचा पाना, फीलर गेज, पॉलिश पेपर. डिस्ट्रिब्यूटरचं झाकण काढून पॉइंट घासायचे आणि त्यांतली फट गेजने बघायची. १-३-४-२ हा फायरिंग ऑर्डर मला बेचाच्या पाढ्याआधी पाठ असावा. प्लगच्या टोकाचा रंग बघून बाबा इंजिनाची तब्येत सांगायचे. विटकरी-तपकिरी म्हणजे उत्तम, काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढुरकं म्हणजे कमी. टॅपेट मात्र ते मिस्तरींकडेच सेट करायचे. मिस्तरी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. "तीन नंबर बोलतोय," म्हणायचे. आणि तीन नंबरच असायचा.

घाटातला विधी वेगळा. खंडाळ्याचा घाट चढताना मे महिन्यात गाडी आचके देऊन थांबायची. पेट्रोलचा पंप इंजिनाला चिकटलेला, तिथे उष्णतेने पेट्रोलची वाफ व्हायची. पंपाचा पडदा द्रव ओढू शकतो, वाफ नुसती दाबली जाते, पुढे सरकत नाही. उपाय एकच, पंपावर ओलं फडकं. आईकडे त्यासाठी खास पंचा आणि पाण्याची बाटली असे. रस्त्याच्या कडेला एकामागून एक फियाटी बॉनेट उघडून उभ्या, प्रत्येकीच्या पंपावर पंचा, आणि मंडळी डबे उघडून पुरी-भाजी खातायत. आज आठवताना हे फार गोड वाटतं. तेव्हा बाबांच्या कपाळावरचा घाम मात्र काही गोड नव्हता.

'जुन्या काळी आपण वस्तू जपायचो, आता फेकतो' असं आपण सहज म्हणून जातो. मीही म्हणतो. पण खरं सांगायचं तर त्या जपण्यात प्रेम किती आणि नाइलाज किती? दुसरी गाडी मिळाली असती तर बाबांनी दर रविवारी पॉइंट घासले असते का? मला शंका आहे. आमचं कौशल्य हे टंचाईचं अपत्य होतं. पण टंचाईतून आलं म्हणून ते खोटं ठरत नाही. गाडी पस्तीस वर्षं बदललीच नाही, म्हणून १९६६ च्या गाडीचे कितीतरी भाग १९९५ च्या गाडीला चालायचे. जे एका मिस्तरीच्या हाताला कळलं ते त्याच्या पोराच्या हाताला उपयोगी पडलं. ज्या साचलेपणाने देशाचं नुकसान केलं त्यानेच हे ज्ञान घट्ट मुरवलं. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत आणि मला त्यांतली एकही सोडता येत नाही.

दुसरी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. आमच्यासारख्यांच्या घरच्या फियाटी जगल्या त्या मुंबईच्या टॅक्सीवाल्यांच्या जिवावर. हजारो काळ्या-पिवळ्या पद्मिनी रस्त्यावर होत्या म्हणून कोणीतरी वॉटर पंप, क्लच प्लेट, किंगपिन बनवत होतं. आमच्या नाना पेठेत ते मिळायचं, नाहीतर कुर्ल्याला सीएसटी रोडवर मोडीतल्या गाडीचं निघायचं. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची. वीस वर्षांची मर्यादा संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे उरली नाही. सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली, फोटो टाकले. मी आधी ब्रेकच्या रबरांचा विचार केला.

ब्रेकची रबरं. तेवढं सांगतो, कारण बाकी सगळं त्यापुढे किरकोळ आहे.

आमच्या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि चारही चाकांना मिळून ब्रेक ऑइलचा एकच मार्ग आहे. पायाने दाबलं की मास्टर सिलिंडरमधून ऑइल प्रत्येक चाकाच्या छोट्या सिलिंडरकडे जातं, तिथले पिस्टन बाहेर सरकतात आणि लायनर ड्रमला घासतात. पिस्टनमागे रुपयाएवढा रबरी कप असतो. आजच्या गाड्यांत दोन मार्ग असतात, एक फुटला तर दुसरा धरतो. आमच्या गाडीत एका चाकाचा एक कप फाटला की चारही ब्रेक गेले.

काही वर्षांपूर्वी मी स्वतः घरी ब्रेकचं काम काढलं. तीन चाकांना नवे कप घातले. चौथ्याचा नवा मिळाला नव्हता आणि जुना धुतल्यावर बरा दिसत होता. 'पुढच्या महिन्यात बदलू' म्हणून तोच परत बसवला. दोन आठवड्यांनी जुन्या कात्रज घाटातून उतरताना पेडल एकदम खाली गेलं. शेजारी बाबा, मागे माझी मुलगी. मी पेडल वेड्यासारखं दाबत राहिलो. बाबा फक्त एवढंच म्हणाले, "दुसरा टाक. हँडब्रेक हळू." आवाज चढला नव्हता. दुसरा गिअर पडला, इंजिन ओरडलं, हँडब्रेक थोडा थोडा ओढत गाडी डोंगराच्या बाजूच्या मुरमाला घासत थांबली. खाली उतरून बघितलं तर मागचं डावं चाक आतून ऑइलने भिजलेलं. तोच कप.

बाबांनी मला काही ऐकवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जुना बनियन घालून ते आले आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसले. मी चाकाखाली. ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने पेडल तीन-चारदा दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल उघडायचं, पारदर्शक नळीतून बुडबुडे बाटलीत येऊ द्यायचे, निपल बंद करायचं आणि मगच पहिल्याने पाय उचलायचा. आधी उचलला तर हवा परत आत. "दाब... धर... सोड." आम्ही दोघं तासभर एवढंच बोलत होतो. लहानपणी मी पेडलवर आणि बाबा खाली असायचे. कधी बाजू बदलली ते कळलंच नाही. ते आमचं गाडीवरचं एकत्र केलेलं शेवटचं काम ठरलं. पुढच्या पावसाळ्यात बाबा गेले.

असो.

तर प्रश्न असा की हिला विंटेज करायचं का? सोयीचं आहे. अडचणीही वाढतायत. शिशाचं पेट्रोल २००० सालीच बंद झालं, ते ही इंजिनं कशीबशी पचवून गेली. आता बहुतेक पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, जुन्या रबराच्या नळ्या आणि पंपाचा पडदा मऊ करतं, आणि त्यात मुळातच ऑक्सिजन असल्याने कार्बोरेटरचं मिश्रण पातळ पडतं. मी नळ्या बदलल्या, पडदा बदलला, जेट थोडा मोठा घातला. उद्या अजून काही निघेल.

पण ज्याने हात काळे केलेत त्याला एक गोष्ट पक्की माहीत असते. उभी राहिलेली गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर मरते. सील सुकतात, कार्बोरेटरमध्ये पेट्रोलचा चिकटा जमतो, ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून सिलिंडर आतून गंजवतं. वर्षातून दोनदा रॅलीला नेण्यापुरती ठेवली तर ती चकचकीत दिसेल, आणि एखाद्या रॅलीच्या सकाळी तिचे ब्रेक लागणार नाहीत. म्हणून २०२२ ला मी ५ हजार भरून साधंच नूतनीकरण केलं. एप्रिलपर्यंत ते ६०० रुपयांत व्हायचं, हे एजंटने जाताजाता सांगितलंच. पुढची तारीख २०२७ ची आहे. तेव्हा रबरं मिळाली तर पुन्हा साधंच. नाही मिळाली, तर उतार उतरायचा हट्ट मी करणार नाही. जुनं जपायचं म्हणून मागच्या सीटवरच्या माणसाला पणाला लावायचं नाही, एवढं कात्रजने शिकवलंय.

परवाच्या रविवारी पुन्हा ब्रेकची हवा काढली. मी चाकाखाली होतो आणि मुलगी पेडलवर. तिचं पहिलंच काम. एकदा तिने पाय लवकर उचलला आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं.

"सॉरी बाबा," म्हणाली.

म्हटलं, "होतं गं असं. चल. दाब."