खुले न्यायालय राजूरपर्यंत कसे पोहोचले?

१/ राजूर हे यवतमाळ जिल्ह्यातील वणी तालुक्यातले कोळसा खाणीचे गाव. तेथील रहिवाशाला उच्च न्यायालयाचे कामकाज पाहायचे, तर नागपूर गाठावे लागे. सर्वोच्च न्यायालयाचे पाहायचे, तर दिल्ली. न्यायालय सर्वांसाठी खुले, हे तत्त्व जुनेच. परंतु उघड्या दाराचा उपयोग दारापर्यंत पोहोचणाऱ्यालाच होत असे.

२/ हे तत्त्व महाराष्ट्रातल्याच एका वादात कसाला लागले. १९६४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका साक्षीदाराची साक्ष छापण्यास मनाई केली. ‘ब्लिट्झ’चे वार्ताहर नरेश श्रीधर मिरजकर सर्वोच्च न्यायालयात गेले.

३/ ३ मार्च १९६६. सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्यासह ९ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने ती मनाई कायम ठेवली. मात्र खुली सुनावणी हा नियम आणि बंद दार हा अपवाद, हेही याच निकालाने नोंदवले.

४/ पुढचा टप्पाही मुंबईतील खटल्याचाच. साक्षीदार डॉक्टर न्यूयॉर्कमध्ये होते. १ एप्रिल २००३ रोजी, महाराष्ट्र शासनाच्या अपिलावर, सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी खटल्यात व्हिडिओद्वारे साक्ष ग्राह्य ठरवली. ‘उपस्थिती’ म्हणजे केवळ देहाने हजर असणे नव्हे, हा त्याचा अर्थ.

५/ २६ सप्टेंबर २०१८. स्वप्निल त्रिपाठी खटल्यात दीपक मिश्रा, अजय खानविलकर आणि धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने थेट प्रक्षेपणाचे तत्त्व मान्य केले. प्रत्यक्ष प्रक्षेपण मात्र सुरू झाले नाही.

६/ २०२० मध्ये करोना आला आणि न्यायदालने बंद झाली. ६ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने व्हिडिओ सुनावणीसाठी निर्देश दिले. न्यायमूर्ती, वकील, युक्तिवाद, सारेच आता पडद्यावर आले. उरला प्रश्न एकच : हे चित्र जनतेपर्यंत न्यायचे कसे?

७/ बैठकीचा दुवाच सर्वांना देणे अशक्य. बैठकीत प्रवेशसंख्या मर्यादित असते आणि आत आलेला कोणीही बोलू शकतो, व्यत्यय आणू शकतो. म्हणून बैठकीतील दृश्य व आवाज एकत्र करून तो एकच प्रवाह यूट्यूबसारख्या मंचाकडे पाठवला जातो. बैठकीत मोजके सहभागी, बाहेर असंख्य प्रेक्षक. जुन्या न्यायदालनातही वकिलांची जागा आणि प्रेक्षकांचे बाक वेगळेच असत.

८/ गुजरात उच्च न्यायालयाने हीच वाट धरली. झूमवर चालणाऱ्या सुनावणीचे २६ ऑक्टोबर २०२० पासून यूट्यूबवर प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले.

९/ २७ सप्टेंबर २०२२. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन घटनापीठांच्या सुनावण्या थेट दिसू लागल्या. सरन्यायाधीश उदय लळीत यांच्यापुढे आर्थिक दुर्बल घटकांच्या आरक्षणाचा प्रश्न होता. चंद्रचूड यांच्या पीठापुढे शिवसेनेतील फुटीचा. आपल्या राज्याच्या सत्तेचा वाद कसा मांडला जातो, हे मराठी माणसाने घरबसल्या ऐकले.

१०/ सारेच दाखवले जावे, असे मात्र नाही. वैवाहिक वाद, लैंगिक गुन्हे, बालकांशी संबंधित प्रकरणे वगळणे आवश्यक मानले गेले. प्रक्षेपण थांबवण्याचा अधिकारही न्यायालयाकडेच राहिला. १९६६ चा नियम आणि त्याचा अपवाद, दोन्ही नव्या माध्यमात टिकून आहेत.

११/ तंत्रज्ञानाने येथे नवा हक्क निर्माण केला नाही. जुन्या हक्काच्या आड आलेले अंतर तेवढे कमी केले. राजूरच्या विद्यार्थ्याला आज घटनापीठाचा युक्तिवाद ऐकण्यासाठी दिल्लीचे तिकीट काढावे लागत नाही. दार तेच आहे. ते आता त्याच्या हातातल्या मोबाइलवर उघडते.